पार्ट नवा, आजार जुनाच! इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा फॉल्ट कसा शोधायचा आणि त्यातून गॅरेजचा धंदा कसा टिकवायचा



गॅरेज टाकायचंय, किंवा छोटं गॅरेज आहे आणि आता नव्या गाड्यांचं काम घ्यायचंय, असे बरेच जण आपल्या व्हिडिओंना जोडलेले आहेत. त्या सगळ्यांसाठी आजचा विषय. व्हिडिओत वेळ कमी पडतो आणि आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही घेऊन बसा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. ती मला ९,४०० रुपयांना पडली, आणि एक चांगलं गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच.

पाच दिवसांत परत आलेली गाडी

ट्रेनिंग द्यायला लागण्याआधी माझं स्वतःचं गॅरेज होतं. टूरचा धंदा करणारे एक दादा त्यांची पेट्रोल-सीएनजी व्हॅन घेऊन आले. तक्रार अशी, की मधेच चेक लाइट लागते, गाडी रेस घेत नाही, वीस-तीसच्या वर जात नाही. बंद करून परत चालू केली की कधी बरी चालते, कधी नाही.

स्कॅनर लावला. कोड आला पी२१३५. थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा कोड! सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या आतच असतो, वेगळा मिळत नाही. मी दोन मिनिटांत निकाल दिला, "दादा, थ्रॉटल बॉडी गेली. साडेनऊ हजार होतील, फिटिंगसकट."

त्यांच्या गाडीचा हप्ता चालू होता. तरी म्हणाले, "टाका. गाडी उभी राहिली तर त्याहून जास्त जातील."

नवीन थ्रॉटल बॉडी टाकली, कोड उडवला, ट्रायल मारली. गाडी एकदम लोण्यासारखी. मी खूश, दादा खूश.

पाचव्या दिवशी पहाटे साडेचारला फोन. एअरपोर्टचं भाडं होतं, खंबाटकी घाटात गाडीनं मान टाकली. पॅसेंजर दुसऱ्या गाडीत बसून गेले. त्यांना गाडी पुरवणारी कंपनी दादांचं नेहमीचं गिऱ्हाईक होती, तिचं कामही नंतर तुटलं. गाडी टो होऊन माझ्या दारात आली. दादा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, पार्ट नवा टाकलात, आजार मात्र जुनाच ठेवलात."

आजार काय होता ते पुढे सांगतो. आधी सिस्टिम समजून घेऊ, म्हणजे तुम्हाला तो माझ्या आधी सापडेल.

ही सिस्टिम चालते कशी?

जुन्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची आणि बटरफ्लाय उघडायचा. बीएमडब्ल्यूने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ७ सिरीजच्या मोठ्या गाडीत ही केबल काढून टाकली. आज बहुतेक नव्या पेट्रोल कारमध्ये केबल दिसत नाही. मोठ्या मोटरसायकलींमध्येही हीच पद्धत आली आहे, तिला राइड-बाय-वायर म्हणतात.

आता काम असं चालतं:

१. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. पाय किती दाबला ते ते ईसीएमला व्होल्टेजच्या रूपात सांगतात.
२. ईसीएम हिशोब करतो आणि थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या डीसी मोटरला करंट देतो.
३. मोटर गिअरमधून बटरफ्लाय फिरवते.
४. बटरफ्लायवरही दोन सेन्सर असतात. "मी इतका उघडलो" हे ते ईसीएमला परत कळवतात.

दोन-दोन सेन्सर का? कारण एक खोटं बोलला तर दुसऱ्यामुळे पकडला जावा. दोघांचं जमलं नाही की ईसीएम कोणावरच विश्वास ठेवत नाही आणि मोटरचा करंट तोडतो. मग स्प्रिंग बटरफ्लायला ठरलेल्या, किंचित उघड्या जागी आणून ठेवते. गाडी रांगत रांगत बाजूला घेता येते, पळवता येत नाही. हाच लिंप मोड.

गिऱ्हाईक म्हणतं, "गाडी मेली." खरं तर गाडीनं स्वतःला आणि त्याला सांभाळलेलं असतं. हे नीट समजावून सांगितलंत तर त्याची निम्मी भीती तिथेच जाते.

डिझेल गाडीत पेडल सेन्सर असाच असतो. फरक एवढाच, की तिथे पेडलवरून मुख्यतः डिझेल किती मारायचं ते ठरतं. त्यामुळे खाली दिलेली पेडलची तपासणी डिझेललाही लागू पडते.

कोड वाचा, पण त्यात पार्टचं नाव शोधू नका

माझी चूक इथेच झाली. पी२१३५ चा अर्थ "थ्रॉटलच्या दोन सेन्सरचे व्होल्टेज एकमेकांशी जुळत नाहीत" एवढाच आहे. का जुळत नाहीत, हे कोड सांगत नाही. सेन्सर खराब असेल, वायर तुटली असेल, कपलरची पिन सैल असेल, अर्थ कमजोर असेल किंवा ५ व्होल्टचा सप्लाय पडला असेल. पाच कारणं आणि कोड एकच.

हे कोड वहीत लिहून ठेवा:

- पी२१३५: थ्रॉटलचे दोन सेन्सर जुळत नाहीत
- पी२१३८: पेडलचे दोन सेन्सर जुळत नाहीत
- पी०१२२, पी०१२३: थ्रॉटलच्या पहिल्या सेन्सरचा सिग्नल फार कमी, फार जास्त
- पी२१२२, पी२१२३: पेडलच्या पहिल्या सेन्सरचा सिग्नल फार कमी, फार जास्त
- पी२१११, पी२११२: बटरफ्लाय उघडा अडकला, बंद अडकला
- पी०६४१: सेन्सरला जाणारा ५ व्होल्टचा सप्लाय गडबडला
- पी०५६२: गाडीचं व्होल्टेज कमी
- पी०५०४: ब्रेक स्विचचे दोन सिग्नल जुळत नाहीत

एकापेक्षा जास्त कोड आले तर सप्लायचे कोड आधी धरा. पी०६४१ आणि पी२१३५ एकत्र आले असतील तर आधी ५ व्होल्टचा शोध घ्या. घरातली लाइट गेली असताना पंखा आणि टीव्ही दोन्ही बिघडले असं आपण म्हणतो का? तसंच हे.

ब्रेक स्विचचा कोड बघून चक्रावू नका. बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले तर ईसीएम ब्रेकचं ऐकतो आणि रेस कमी करतो. स्विच खराब झाला तर पाय ब्रेकवर नसतानाही ईसीएमला तो आहे असं वाटू शकतं. किरकोळ स्विच बदलून काम होतं, आणि लोक थ्रॉटल बॉडी बदलून बसतात.

तपासणीचा क्रम: एकही पायरी गाळू नका

पहिली पायरी: विचारा. कधी होतं? थंड गाडीला की गरम? पाऊस किंवा वॉशिंगनंतर? हल्लीच बॅटरी बदलली का, सीएनजी किट किंवा अलार्म बसवला का, नवीन मॅट टाकलं का? गाडीला गेल्या महिन्यात कोणाचा हात लागला, या एका प्रश्नात पुष्कळदा उत्तर मिळून जातं.

दुसरी पायरी: डोळ्यांनी बघा. पेडलखाली मॅट अडकतंय का? बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का? फ्यूज, रिले ठीक आहेत का? उंदरांनी वायर कुरतडल्यात का? कपलरमध्ये पाणी किंवा हिरवट गंज आहे का?

मॅटचं ऐकून हसू नका. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी झाल्या आणि लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल तपासायला तिथल्या रस्ता सुरक्षा खात्यानं थेट नासाचे इंजिनिअर आणले. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात, गाडीला धोकादायक वेग देईल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. जी दोन कारणं धरली गेली ती साधी होती. एक अडकून राहणारं पेडल, दुसरं पेडलला धरून ठेवणारं मॅट. सॉफ्टवेअरवरून कोर्टातले वाद पुढेही झाले, पण आपण घ्यायचा धडा सोपा आहे. आधी मॅट उचलून बघा.

तिसरी पायरी: बॅटरी आणि चार्जिंग. गाडी बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. इथे गडबड असेल तर पुढचं सगळं रीडिंग खोटं येऊ शकतं.

चौथी पायरी: कोड उडवायच्या आधी फोटो काढा. कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे फॉल्ट आला त्या क्षणी स्पीड, आरपीएम, इंजिनचं तापमान किती होतं त्याची नोंद. कोड उडवला की तीही जाते. पोरगा घाईनं इरेज दाबतो आणि पुरावा पुसला जातो.

पाचवी पायरी: लाइव्ह डेटा. इग्निशन ऑन, इंजिन बंद. पेडल अगदी हळू दाबा आणि ग्राफ बघा. रेघ सरळ चढली पाहिजे, मधे खड्डा किंवा उडी नको. पेडलचे दोन्ही सेन्सर नीट चढतात पण बटरफ्लाय ऐकत नाही, तर दोष थ्रॉटलच्या बाजूला. पेडलचीच रेघ तुटते, तर थ्रॉटलला हात लावायचं कारणच नाही. या एका पायरीत काम निम्मं होतं.

सहावी पायरी: मल्टिमीटर. कपलर लावलेला असतानाच मागून बारीक पिन घालून मोजा. तीन गोष्टी बघायच्या: ५ व्होल्ट येतात का, अर्थ चांगला आहे का, सिग्नल किती आहे. अर्थ मोजताना मीटरची एक पिन सेन्सरच्या अर्थ वायरवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. रीडिंग शून्याच्या जवळ हवं. ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर शंका घ्या. सेन्सरच्या वायरवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका. तो जास्त करंट ओढतो आणि ईसीएमला इजा होऊ शकते.

सातवी पायरी: हलवून बघा. ग्राफ चालू ठेवा आणि हार्नेस हळूहळू हलवा. कपलर, वाकणाची जागा, क्लॅम्प, जिथे वायर लोखंडाला घासते ती जागा. ग्राफ उडाला तिथे थांबा.

एवढं सगळं नीट निघालं, तरच पार्टवर संशय घ्या.

बेरीज करा, आजार दिसेल

आता माझी आवडती युक्ती. अनेक गाड्यांमध्ये थ्रॉटलचे दोन सेन्सर उलट दिशेनं चालतात. एक वर जातो तेव्हा दुसरा तितकाच खाली येतो. म्हणजे बटरफ्लाय कुठेही असला तरी दोघांची बेरीज साधारण ५ व्होल्ट. पहिला ०.८ तर दुसरा ४.२. पहिला २.० तर दुसरा ३.०.

आता गंमत बघा. दोन्ही सेन्सरला ५ व्होल्टचा सप्लाय एकच आणि अर्थही एकच असेल, तर

- बेरीज ५ पेक्षा कमी आणि दोन्ही सिग्नल एकदम पडलेले: सप्लायच्या बाजूला बघा.
- बेरीज ५ पेक्षा जास्त: अर्थ कमजोर. अर्थ वायरवर जितके व्होल्ट चढलेत, तितकीच बेरीज वाढते.
- एकच सिग्नल बिघडलेला, दुसरा बरोबर: त्या एका सेन्सरचा ट्रॅक किंवा त्याची एक वायर.

पेडलच्या सेन्सरचा हिशोब वेगळा असतो. बऱ्याच गाड्यांत एक सेन्सर दुसऱ्याच्या दुप्पट दाखवतो, म्हणजे एकावर १.५ असेल तर दुसऱ्यावर ०.७५. तिथे बेरीज करायची नाही, भागाकार करायचा. काही कंपन्यांची पद्धत दोन्हींहून वेगळी आहे, म्हणून त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम समोर हवाच.

तर व्हॅनचा आजार काय होता?

घाटातून आलेल्या व्हॅनवर मी शेवटी शांतपणे बसलो. उभ्या गाडीला बेरीज ५.०. पोराला म्हटलं, ब्रेक दाबून गिअर टाक आणि क्लच किंचित सोड. इंजिननं झोल खाल्ला आणि बेरीज ५.६ झाली! अर्थ वायर मोजली, तर तिच्यावर ०.६ व्होल्ट.

हार्नेस मोकळा केला. सीएनजी किट बसवताना कोणीतरी वायरिंग किटच्या ब्रॅकेटखालून आवळून बांधलं होतं. वरचं कव्हर शाबूत, आतली तांब्याची तार तुटत आलेली. चढावर इंजिन ताण घ्यायचं, हार्नेस ओढला जायचा आणि सेन्सरचा अर्थ सुटायचा.

मग नवीन थ्रॉटल बॉडी टाकल्यावर गाडी पाच दिवस बरी का चालली? कारण पार्ट बसवताना मी कपलर काढला, हार्नेस हलवला, आणि तुटकी तार पुन्हा टेकली. मला वाटलं पार्टनं काम केलं. काम केलं होतं माझ्या हाताच्या धक्क्यानं. हे नीट लक्षात ठेवा. पार्ट बदलल्यावर गाडी बरी झाली याचा अर्थ पार्टच खराब होता असं नाही. आधी दोष मीटरवर पकडा, दुरुस्त करा, आणि त्याच परिस्थितीत परत मोजा.

तार जोडून सोल्डर केली, स्लीव्ह घातली, हार्नेस ब्रॅकेटपासून लांब बांधला. मग भंगाराच्या डब्यातून दादांची जुनी थ्रॉटल बॉडी काढली, पुसली आणि परत बसवली. चढावर चार चकरा मारल्या. बेरीज ५.० वरून हलली नाही.

पार्ट निर्दोष होता. साडेनऊ हजार परत करावेच लागले. काउंटरवर पाटी होतीच, "इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही". नवीन थ्रॉटल बॉडी दोन वर्षं माझ्या फळीवर धूळ खात पडली.

थ्रॉटल बॉडी खरंच कधी खराब असते?

असते, नाही असं नाही. सेन्सरचा ट्रॅक झिजतो, प्लास्टिक गिअरचा दात तुटतो, मोटर थकते. त्याहून नेहमीचा प्रकार म्हणजे कडेला कार्बन साचणं. मग आयडल वरखाली होतं, बटरफ्लाय अडकतो. हे साफ करून सुटतं. थ्रॉटल क्लीनर कपड्यावर घ्या आणि पुसा, आत धार मारू नका, मोटर-सेन्सरकडे जाते. आणि इग्निशन ऑन असताना बटरफ्लायमध्ये बोट कधीही घालू नका. मोटर झटक्यात फिरते.

साफ केल्यावर किंवा बदलल्यावर रीलर्न करायला विसरू नका. ईसीएमला बटरफ्लायची नवी बंद जागा शिकवावी लागते. काही गाड्यांत इग्निशन ऑन ठेवून थांबलं की होतं, काहींत स्कॅनरवरून करावं लागतं. हे राहिलं की आयडल वाढतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, "तुमच्याकडे आणली आणि बिघडली."

आता धंद्याचा हिशोब

माझ्या चुकीचं गणित मांडतो.

- पार्टची माझी खरेदी: ७,६०० रुपये
- टोइंग, जे मी भरलं: १,८०० रुपये
- एकूण नुकसान: ९,४०० रुपये. दोन वेळची मजुरी आणि अडलेली जागा धरलेलीच नाही.

पहिल्या दिवशी नीट तपासलं असतं तर? समजा चेकिंगचे ६०० आणि वायरिंग दुरुस्तीचे ७०० घेतले असते. १,३०० रुपये, दोन तासांचं काम, पार्टमध्ये एक रुपया अडकला नसता. दादांचे आठ हजार वाचले असते, आणि ते दहा टूरवाल्यांना माझं नाव सांगत फिरले असते.

मग तेव्हा तपासलं का नाही? खरं कारण सांगतो. माझ्याकडे चेकिंग फुकट होतं. जिथे तपासणीचे पैसे नाहीत तिथे पोट पार्टच्या मार्जिनवर चालतं. मग दोन तास मीटर धरून बसणं तोट्याचं वाटतं आणि हात आपोआप पार्टकडे जातो. माझी नियत वाईट नव्हती, धंद्याची मांडणीच तशी होती.

म्हणून नवीन गॅरेज टाकताना पहिल्या दिवसापासून चार नियम पाळा:

१. चेकिंग चार्जचा बोर्ड लावा. रक्कम तुमच्या गावाप्रमाणे ठरवा, पण ती आधी सांगा. "काम केलं तर चेकिंग माफ" ही सवय लावू नका, त्यानं तुम्ही परत पार्ट विकण्यावरच येता.
२. जॉब कार्डवर तीन ओळी लिहा. तक्रार काय, मोजलं काय, सापडलं काय. मधली ओळ रिकामी असेल तर पार्ट ऑर्डर करायचा नाही, मग मालक स्वतः का असेना.
३. जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. दोष कुठे होता ते दाखवा.
४. खात्री नसेल तर तसं बोला. "दादा, अजून सापडलं नाही, संध्याकाळपर्यंत वेळ द्या" हे वाक्य साडेनऊ हजारांच्या खोट्या आत्मविश्वासापेक्षा स्वस्त पडतं.

"स्कॅनिंगचे पैसे कसले? बाजूचा फुकट करतो," असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा, "साहेब, मशीन कोड दाखवतं ते एका मिनिटाचं काम. दोष नक्की कुठे आहे ते मी मोजून दाखवणार, आणि नको असलेला पार्ट तुमच्या बिलात लागणार नाही. पैसे त्याचे." दहातले तीन जातील, जाऊ द्या. उरलेले सात टिकतात.

सुरुवातीला महागडं मशीन लागत नाही. चांगला मल्टिमीटर, लाइव्ह डेटाचा ग्राफ आणि रीलर्न दोन्ही करणारा स्कॅनर, मागून घालायच्या बारीक पिना, सोल्डरिंगचं सामान आणि वायरिंग डायग्राम. आयटीआयचा मोटर मेकॅनिक ट्रेड केलेल्या मुलाला या पाच गोष्टी आणि वरच्या सात पायऱ्या दिल्या तर तो महिन्याभरात तयार होतो.

या आठवड्याचा गृहपाठ

सर्व्हिसिंगला आलेल्या दहा चांगल्या गाड्या घ्या. मालकाला विचारून प्रत्येकीच्या पेडल आणि थ्रॉटलच्या दोन्ही सेन्सरचं रीडिंग घ्या, पाय सोडलेला आणि पूर्ण दाबलेला असं दोन्ही वेळचं. मॉडेलप्रमाणे वहीत लिहा. निरोगी गाडी किती व्होल्ट दाखवते हे माहीत असेल तरच आजारी गाडी ओळखता येते. वर्षभरात ही वही तुमच्या स्कॅनरपेक्षा जास्त कामाला येईल.

ते दादा परत माझ्याकडे आले नाहीत. पैसे घेतले, नमस्कार केला, गेले. पण पुढच्याच सोमवारी मी चेकिंग चार्जचा बोर्ड रंगवून घेतला, आणि गॅरेज खऱ्या अर्थानं त्या दिवसापासून चाललं.

पुढच्या भागात चेकिंग चार्ज किती ठेवायचा, जागेचं भाडं आणि पगार धरून तो कसा काढायचा, ते आकड्यांसकट बघू. तोपर्यंत वही भरत राहा. भेटू!